धरण भरलं, हंडा रिकामा

दर जुलैत एक मेसेज येतो. आमच्या गावाच्या ग्रुपवर येतो, मुंबईतल्या मंडळाच्या ग्रुपवर येतो, मग कुणाच्या तरी स्टेटसला लागतो. 'नातूवाडी धरण शंभर टक्के भरले.' सोबत सांडव्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचा ड्रोन शॉट, मागे ढोलताशा नाहीतर कुठलं तरी हळवं कोकणगीत. खाली हात जोडलेले, हिरवी हृदयं. मीही टाकलेली आहेत. पुण्यात हिंजवडीच्या एका बारा मजली इमारतीत बसून, स्टँडअप मीटिंग चालू असताना, टेबलाखाली मोबाइल धरून.

दर मे महिन्यात दुसरा मेसेज येतो. त्याला गाणं नसतं. 'उद्या टँकर येणार. पिंप भरायला कोणीतरी घरी थांबा.'

हे दोन मेसेज एकाच तालुक्यातले आहेत, एकाच वर्षातले आहेत, आणि त्यांच्यात फक्त दहा महिन्यांचं अंतर आहे. या लेखात मला त्या दहा महिन्यांबद्दल भांडायचं आहे. आमदाराशी, साहेबांशी आणि ठेकेदाराशी तर भांडायचंच आहे, पण त्याआधी तुमच्या-माझ्याशी. कारण पहिला मेसेज आपण शंभर जणांना फॉरवर्ड करतो आणि दुसरा वाचून म्यूट करतो.

पाण्याला पाय नसतात

खेड तालुका रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेला. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, मधून जगबुडी. नदीचं नावच जगबुडी, यावरून इथे पाऊस किती पडतो ते समजून घ्या. वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर. दुष्काळी म्हणवल्या जाणाऱ्या माणदेशात पाच-सात वर्षांत पडतो तेवढा आमच्याकडे एका पावसाळ्यात पडतो.

आणि तरी फेब्रुवारी सरला की पऱ्या आटतो, मार्च सरला की बाव आटते, आणि एप्रिलमध्ये डोंगरउतारावरच्या वाड्या तहसील कचेरीत टँकरचा अर्ज देतात. त्यात पहिला नंबर बहुतेक वेळा धनगरवाड्यांचा.

आमची वाडी इतकी उंचावर नाही. मधल्या उतारावर आहे. वाडीच्या वरच्या कातळावर चढलं की लांबवर जलाशयाची चकाकती पट्टी दिसते. लहानपणी मे महिन्यात आम्ही मुलं तिथे जायचो. आजी करवंदं काढायला आलेली असायची. एकदा मी तिला विचारलं, "एवढं पाणी दिसतंय समोर, मग तू पहाटे चार वाजता बावीवर का जातेस?"

ती म्हणाली, "पानी हाय रे बाबा. पर ते काय पायांनी चालत वर येनार हाय?"

पुढे चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, फ्लुइड मेकॅनिक्समध्ये एकदा केटी लागली, मग सुटली. पण या विषयावर आजीपेक्षा जास्त नेमकं वाक्य मी अजून ऐकलेलं नाही. धरण खोऱ्यात असतं, माणसं उतारावर असतात. पाण्याला पाय नसतात, त्याला उतार लागतो. आणि उतार नेहमी माणसांपासून लांब, खाडीकडे जातो.

धरणाच्या पोटात गेलेली जमीन कोणती असते, हेही सांगून टाकतो. खोऱ्यातला सपाट, गाळाचा, नदीकाठचा मळा. कोकणात अशी जमीन मुळातच मूठभर. ती धरणाला दिली, त्या बदल्यात पाणी मिळेल असं ठरलं. व्यवहाराची पहिली बाजू पूर्ण झाली. दुसरी बाकी आहे.

सात वर्षांचं पाणी

आता थोडं गणित. कंटाळू नका, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होईल इतकंच आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात तीन मध्यम प्रकल्प आहेत: खेडमधलं नातूवाडी, संगमेश्वरातलं गडनदी आणि राजापुरातलं अर्जुना. नातूवाडीत साधारण २८ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. पेपरवाल्या भाषेत एक टीएमसी, म्हणजे २,८०० कोटी लिटर.

२०११ च्या जनगणनेनुसार खेड तालुक्याची लोकसंख्या साधारण १ लाख ८० हजार. त्यातले किती जण प्रत्यक्षात गावी राहतात आणि किती जण नालासोपाऱ्यात, हा भाग सोडून द्या. सगळे गावीच आहेत असं धरू. जलजीवन मिशनने ग्रामीण भागातल्या माणसासाठी ठरवलेलं प्रमाण आहे माणशी दिवसाला ५५ लिटर.

१ लाख ८० हजार गुणिले ५५. रोजचे जवळपास एक कोटी लिटर. वर्षाचे साडेतीनशेच्या वर कोटी.

म्हणजे एकदा भरलेलं नातूवाडी धरण, फक्त प्यायला आणि घरगुती वापराला धरलं, तर अख्ख्या तालुक्याला सात वर्षं पुरेल.

बाष्पीभवन वजा करा. गाळ वजा करा. तळाचा मृत साठा वजा करा. शेतीचं पाणी काढून ठेवा. शहराचं काढून ठेवा. आपल्याला सात वर्षं नकोच आहेत. फेब्रुवारी ते मे असे फक्त चार महिने हवेत. त्या चार महिन्यांचे तालुकाभराचे होतात १२० कोटी लिटर. धरणाच्या सुमारे सव्वाचार टक्के.

शंभर हंड्यांतले सव्वाचार हंडे. त्या सव्वाचार हंड्यांसाठी बायका पहाटे चारला उठतात.

हे गणित करायला कुठली समिती लागत नाही. दहावीचा मुलगा करेल. म्हणून 'कोकणात पाणी अडवलं जात नाही हो, सगळं समुद्राला वाहून जातं' हे वाक्य कुणी माझ्यासमोर टाकलं, की मी विचारतो, अडवलेल्याचं काय केलंत? वाहून जाणाऱ्याचा हिशोब नंतर करू.

डोंगर फोडून आलेलं पाणी

वाहून जाणाऱ्याचाही करूच. तो आणखी लाज आणणारा आहे.

शेजारच्या चिपळूण तालुक्यात पोफळीला सह्याद्रीच्या पोटातून पाणी खाली येतं. कोयना धरणाचं. धरण घाटावर सातारा जिल्ह्यात, साठा १०५ टीएमसी. म्हणजे शंभराहून जास्त नातूवाड्या. साठच्या दशकापासून हे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवून वीज बनवतात. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. टर्बाइन फिरवून झालं की ते पाणी कोळकेवाडी धरणात थांबतं, तिथे पुन्हा वीज देतं, आणि मग वाशिष्ठीतून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत, तिथून अरबी समुद्रात.

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये १६ लाख १५ हजार. पुन्हा तेच ५५ लिटर लावा. ६७.५ टीएमसी पाणी अख्ख्या जिल्ह्याला ५९ वर्षं पुरतं. आणि ते एका वर्षात खाडीला मिळतं.

या पाण्यासाठी घाटावरची कित्येक गावं उठली. ती माणसं ठाणे, रायगड, रत्नागिरीत विखुरली, आणि त्यांच्या तिसऱ्या पिढीचे जमिनीचे कागद अजून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतायत. डोंगर फोडला, गावं उठवली, अर्ध्या महाराष्ट्राला वीज दिली. त्या विजेवर माझं बालपणही उजळलं, हे नाकारत नाही. पण ज्या राज्याला सह्याद्री आरपार भोकसता आला, त्याला त्याच सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाडीत एक पाइप चढवता येत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

"ते पाणी खाली आहे, वाड्या वर आहेत, उचलायचं कसं?" हा नेहमीचा प्रश्न. त्याला दोन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर लोट्याला आहे. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत खेड तालुक्यातच, परशुराम घाट चढून आल्यावरच्या माळावर. रासायनिक कारखान्यांचा माळ. त्यांना पाणी वाशिष्ठीतून मिळतं. खालून वर. कारखान्यासाठी पाणी घाट चढतं, तेव्हा त्याला पाय फुटतात. वापरून झालेलं पाणी पुन्हा खाली खाडीत उतरतं आणि खाडीतला कोळी वर्षानुवर्षं मेलेले मासे घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतो, ही वेगळी आणि तितकीच संतापाची गोष्ट आहे. इथे मुद्दा एवढाच की पाणी उचलण्याचं तंत्र आपल्या तालुक्यात आहे, चालू आहे, रोज चालू आहे.

दुसरं उत्तर विजेच्या बिलाचं. शंभर माणसांची वाडी धरा. रोजचं ५,५०० लिटर. ते दीडशे मीटर उंच चढवायचं. भौतिकशास्त्राप्रमाणे लागणारी ऊर्जा सव्वादोन युनिट. पंप आणि पाइप मिळून निम्मी वाया घालवतील असं धरा. साडेचार युनिट.

साडेचार युनिट म्हणजे तुमच्या पुण्या-मुंबईच्या बेडरूममधला दीड टनाचा एसी तीन-साडेतीन तास. शंभर माणसांचं दिवसाचं पाणी एवढ्यात वर येतं. डोंगराच्या वळणांवर पहिल्या गिअरमध्ये घुसमटत चढणारा टँकर यापेक्षा किती तरी जास्त डिझेल जाळतो.

पाइप टाकायला, टाकी बांधायला, पंपघर उभारायला पैसे लागतात, मान्य. ते एकदाच लागतात. टँकरचे दरवर्षी लागतात.

तिकीट क्लोज

मग होत का नाही?

एक कारण मूळ आराखड्यातच आहे. ही धरणं शेतीसाठी बांधली. कालवे काढले ते धरणाच्या खालच्या अंगाला, उतारावरून वाहत जातील असे. कालव्याच्या काठच्या गावांना फायदा झाला, हे प्रामाणिकपणे सांगतो. तिथल्या बावी आटत नाहीत, काहींनी वायंगण केलं, कुणी कलिंगडं लावली. पण जांभ्याच्या जमिनीतून कालवा नेणं म्हणजे चाळणीतून ताक नेणं. आणि पाणी पोचलं तरी घेणार कोण? सातबारावर सतरा नावं, त्यातली बारा मुंबईत, दोन वारलेली. उरलेले तिघे साठीच्या पुढचे, आणि त्यांनी काही पेरलं तर ते माकडं आणि रानडुकरं खातात. पन्नास वर्षांपूर्वीच्या गावासाठी केलेला आराखडा आजच्या गावावर चालवला जातोय. आमच्या धंद्यात याला जुनी रिक्वायरमेंट म्हणतात. युजर बदलला, सिस्टीम तीच.

दुसरं कारण मी जवळून पाहिलंय.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीला नळयोजना मंजूर झाली. कुठल्या खात्याची, कुठल्या नावाची, ते जाऊ द्या. तुमच्याही गावात एक असेल. खालच्या पऱ्याच्या कडेला विहीर, तिथे मोटर, वाडीच्या डोक्यावर निळी टाकी, घराघरापुढे सिमेंटच्या खांबाला पितळी नळ. उद्‌घाटनाला मी रजा टाकून गेलो होतो. आईने नळाला हळदकुंकू लावलं. आजी तोवर गेली होती. मला वाटलं, थोडी थांबायला हवी होती.

पाणी अकरा दिवस आलं. बाराव्या दिवशी मोटर जळली.

मोटर कुणी दुरुस्त करायची याचं उत्तर शोधण्यात एक पावसाळा गेला. बांधणारा म्हणाला, माझं काम बांधण्याचं, मी हस्तांतर केलंय. ज्यांच्याकडे हस्तांतर झालं ते म्हणाले, आमच्याकडे दुरुस्तीचा निधी नाही, आणि वीजबिलही थकलंय. पंप चालवायला ठेवलेल्या मुलाला चार महिने पगार नव्हता. तो एका कारखान्यात कंत्राटावर लागला. पितळी नळ आता हिरवे पडलेत. आई त्यावर फडकी वाळत घालते.

आणि मग मला ते सापडलं. एका रात्री सहज म्हणून मी योजनेच्या वेबसाइटवर आमचं गाव शोधलं. तक्ता उघडला. घरगुती नळजोडणी: शंभर टक्के. शेजारी हिरवा ठिपका.

तो हिरवा ठिपका माझ्यासारख्याच कुणीतरी बनवलाय. मी रोज हेच करतो. डॅशबोर्ड बनवतो. क्लायंट सांगतो काय मोजायचं, मी ते मोजतो, हिरवा रंग देतो, तिकीट क्लोज करतो. नळ आहे का? आहे. मग हिरवा. नळाला पाणी आहे का, हा रकाना कुणी मागितलाच नव्हता.

माझं म्हणणं या लेखात एकच आहे, ते इथे सांगतो. आपण धरणाचं यश चुकीच्या ठिकाणी मोजतो. किती टीएमसी अडवलं, किती टक्के भरलं, किती जोडण्या दिल्या. हे सगळे आकडे पाणी निघतं तिथले आहेत. मोजायचं ते पाणी पोचतं तिथे. आणि तारीखही चुकीची आहे. १५ जुलैला धरण मोजणं म्हणजे पगाराच्या दिवशी बँक बॅलन्स बघून स्वतःला श्रीमंत समजणं. मोजा १५ मे रोजी. वाडीतल्या शेवटच्या घरातल्या हंड्यापासून पाण्यापर्यंत किती पावलं, एवढा एकच आकडा.

तो आकडा कुठल्याच सरकारी तक्त्यात नाही. आणि जे मोजलं जात नाही, त्यासाठी कुणाचीही बदली होत नाही, कुणाचंही बिल अडत नाही.

तिवरे

आता ज्यासाठी हा लेख खरोखर लिहायला घेतला, तिकडे येतो. कारण देखभालीला किंमत नसणं म्हणजे फक्त हिरवे पडलेले नळ नव्हेत.

२ जुलै २०१९. चिपळूण तालुक्यातलं तिवरे. रात्री साडेनऊच्या सुमाराला तिथलं मातीचं धरण फुटलं. खालची भेंदवाडी झोपायच्या तयारीत होती. २३ माणसं वाहून गेली.

गळती आहे, अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. धरणाच्या भिंतीतून पाणी झिरपतंय हे सांगायला त्यांना इंजिनिअर लागला नव्हता, ते रोज तिथून जात होते. फुटल्यानंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी कारण सांगितलं: खेकड्यांनी भिंत पोखरली. महाराष्ट्र हसला. मीम्स निघाली, मीही दोन शेअर केली. चौकशी नेमली गेली, वाचलेल्या कुटुंबांना अलोऱ्याला घरं मिळाली. आता कुणाला २ जुलै आठवत नाही. १२ जुलै १९६१ चं पानशेत पुणेकर अजून सांगतात, कारण त्यात शहर बुडालं होतं. तिवरे वाडी होती.

खेकडे मातीच्या भिंतीत बिळं करतात, हे खरंच आहे. मातीच्या धरणाला उंदीर, खेकडे, झाडांची मुळं, सगळ्यांचा त्रास असतो. म्हणूनच तर दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करायची असते. भिंतीवरची झाडं काढायची असतात, झिरपणारं पाणी मोजायचं असतं. ते स्वच्छ आहे की गढूळ, हे पाहायचं असतं. गढूळ असेल तर त्याचा अर्थ भिंतीतली माती वाहून चालली आहे. हे काम कंटाळवाणं आहे. त्याला फीत नाही, नारळ नाही, कोनशिलेवर नाव नाही. खेकड्याचं नाव घेणारा माणूस नकळत कबूल करून गेला की तिथे खेकड्यांकडे बघायला कुणी नव्हतं.

आमच्याकडे सर्व्हर बंद पडला तर पहाटे तीन वाजता कुणाचा तरी फोन वाजतो. त्याला ऑन-कॉल म्हणतात. लोकांना बिर्याणी वेळेवर मिळावी म्हणून आम्ही रात्री जागतो. ज्या भिंतीच्या खाली माणसं झोपली आहेत, तिच्यासाठी ऑन-कॉल कोण होतं?

डिसेंबर २०२१ मध्ये संसदेने धरण सुरक्षा कायदा केला. पंधरा मीटरपेक्षा उंच धरणं, आणि काही अटींवर दहा ते पंधरा मीटरची, त्यात येतात. तपासणी, उपकरणं, धोक्याची पूर्वसूचना, आणि प्रत्येक धरणाचा आपत्कालीन कृती आराखडा. जुन्या धरणांना आराखड्यासाठी पाच वर्षांची मुदत. कायदा वाचला, चांगला आहे. आता तुमच्या गावावरच्या धरणाचा आराखडा कुठे ठेवलाय ते विचारा. तो मराठीत आहे का? धरणाखालच्या वाडीला माहीत आहे का, की भोंगा वाजला तर कुठल्या टेपावर पळायचं? भोंगा आहे का?

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, इकडे जगबुडीने खेडची बाजारपेठ बुडवली, पोसऱ्याला दरड कोसळून माणसं गाडली गेली. त्या रात्री आमच्या ग्रुपवर सत्तर-ऐंशी मेसेज आले. 'धरण फुटलं' असंही आलं. ते खोटं निघालं. पण पहाटेपर्यंत ते खोटं आहे, हे खात्रीने सांगू शकेल असा एकही माणूस, एकही नंबर आमच्याकडे नव्हता.

"मग धरणं नकोतच का?"

हा प्रश्न येणार. उत्तर देतो.

साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडतो आणि पन्नास-साठ किलोमीटरवर समुद्र आहे, अशा प्रदेशात साठवण लागणारच. मी धरणविरोधी नाही. मी आणखी एका धरणाच्या विरोधात आहे. ज्याने आधीच्या धरणाचं पाणी शेवटच्या घरापर्यंत नेलं नाही, आधीच्या भिंतीतली गळती बुजवली नाही, त्याने नवी कोनशिला घेऊन येऊ नये. आधीचा बग न सोडवता नवं फीचर मागणाऱ्या मॅनेजरला आम्ही मनात जे म्हणतो, तेच इथे म्हणायचं आहे. फक्त मोठ्याने.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि तो आपल्याच घरातून येतो. "गावात राहिलंय कोण? आठ म्हातारी माणसं. त्यांच्यासाठी दीडशे मीटर पाइप चढवायचा?" माझ्या सख्ख्या काकाने, डोंबिवलीत राहून, हे मला ऐकवलं. काका, कारण आणि परिणाम उलटे झालेत. माणसं गेली म्हणून पाणी आलं नाही असं नाही. पाणी आलं नाही, हे माणसं जाण्याचं एक कारण आहे. आमच्या वाडीत लग्नाच्या मुलीचे आई-वडील पहिला प्रश्न पाण्याचा विचारतात. आणि उरलेल्या आठ म्हाताऱ्यांचं म्हणाल, तर सत्तर वर्षांच्या बाईला पंचवीस लिटरचा हंडा उचलावा लागतो, यापेक्षा मोठं कारण पाइपला कशाला हवं?

तिसरा आक्षेप: सगळं सरकारने का करायचं? बरोबर. शंभर चौरस मीटरच्या छपरावर आमच्याकडे वर्षाला साडेतीन लाख लिटर पाऊस पडतो. पाच माणसांच्या घराला उन्हाळ्याच्या चार महिन्यांना ३३ हजार लिटर पुरतात. छपराच्या दहाव्या भागाचं पाणी. ज्या धनगरवाड्यांपर्यंत पाइप नेणं खरंच परवडणार नाही, तिथे घरामागची झाकलेली टाकी हेच धरण. गावी बंगला बांधताना आपण दहा फुटांचं गेट लावतो, कमान करतो, नाव कोरतो. टाकी किती जणांनी बांधली? मी नव्हती बांधली. गेल्या वर्षी बांधली, तीही आईने तीनदा सांगितल्यावर.

एक मे

मागण्या चारच आहेत, आणि एकही नवी कोनशिला मागत नाही.

तालुक्यातल्या प्रत्येक धरणातलं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढा, आणि ते कुठल्या वाडीला कसं पोचणार ते वाडीच्या नावानिशी लिहून ग्रामपंचायतीबाहेर लावा. प्रत्येक नळयोजनेत पंपचालकाचा पगार आणि वीजबिल पहिल्या दिवसापासून धरा. ते नसेल तर ती योजना अपूर्ण, बिल काढू नका. प्रत्येक धरणाच्या पावसाळ्याआधीच्या तपासणीचा अहवाल मराठीत, मे संपायच्या आत, धरणाखालच्या गावात वाचून दाखवा. आणि त्या तक्त्यात एक रकाना वाढवा: १५ मे रोजी नळाला पाणी, हो की नाही. हे भरायचं काम गावातल्या बाईकडे द्या, तिला खोटं लिहिण्यात काही फायदा नाही. वेबसाइटचा रकाना वाढवायला पैसे लागत असतील तर मी फुकट करून देतो, एक शनिवार पुरेल.

हे सगळं मागायचं कुठे? १ मे रोजी ग्रामसभा असते. नेमके त्याच दिवसांत आपण चाकरमानी गावी असतो. आंबे खायला, हळदीला, क्रिकेटच्या टुर्नामेंटला. मी सात वर्षं १ मेला गावात होतो आणि एकदाही ग्रामसभेला गेलो नव्हतो. ग्रामसभेच्या वेळी आमची सेमीफायनल असायची.

या वर्षी गेलो. सतरा माणसं होती, त्यातल्या बायका पाच. मी उठून विचारलं, आपल्या योजनेची मोटर कुणाच्या नावावर आहे? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एक मावशी म्हणाल्या, "आज कसा काय इचारतोस रं? तुमच्या टायमाला तर क्रिकेट असतंय."

सगळे हसले. मीही हसलो. मग मोटरचा विषय इतिवृत्तात लिहून घेतला गेला. मी वाकून पाहिलं, लिहिलंय. मोटर अजून आलेली नाही. पुढच्या ग्रामसभेला तोच प्रश्न आहे, आणि तेव्हा मला अठरावा माणूस हवाय.

जुलैत पुन्हा तो मेसेज येईल. शंभर टक्के भरले. फॉरवर्ड करा, हरकत नाही, दिसतं ते सुंदरच असतं. फक्त खाली एक ओळ जोडा: आमच्या वाडीत किती टक्के?